रिकामं सूप देत नसतेत

पोळा सरला का बुरडाच्या दारात लोकं याले लागतेत. कोणाले सूप पाह्यजे, कोणाले टोपली, कोणाच्या धान ठेवाच्या ढोलीचं बूड उंदरानं खाल्लं तं ते बसवून पाह्यजे. हे माह्या आज्यापासूनचं आहे. अर्धं गाव आमचं, अर्धं जंगू बुरडाचं. आमच्या घरायनं आमच्याकडून न्यायचं, त्याच्या घरायनं त्याच्याकडून. पैशाची गोठच नाई. धान चुरला का खळ्यावर जायचं अन् आपण देल्लेली नवी टोपली भरून धान आणायचा. वर्षाचा भात त्याच्यावर. आमच्यापाशी धानाची बांधी नाई, वावर नाई. ही घरं हेच आमचं वावर.

मी मनकर्णा. हरिदास माहा लहान भाऊ. नवरा मेला तवापासून मी त्याच्याच घरी आहो. रुखमा त्याची बायको, माही भावजय. हाताले रुखमासारखी बाई नाई अन् तोंडाले मनकर्णासारखी नाई, असं गावात म्हणतेत. म्हणोत. तोंड नसतं तं ही गोठ तुमाले कोणं सांगतली असती.

त्या साली पोळ्याच्या नंतर गाडी आली. प्रणित उतरला. तो पोंभुर्ण्याचाच पोरगा, चंद्रपूरच्या एका संस्थेत कामाले आहे. त्याच्यामागून एक मॅडम उतरल्या. स्वाती मॅडम. सुती साडी, गळ्यात लाकडाचे मणी, पायात चामड्याच्या साध्या चपला. मले वाटलं गरीब असन बिचारी. मंग प्रणितनं सांगतलं का त्या चपलेत आमचं घर येते.

रुखमा आंगणात सुपाले काठ बांधून राह्यली होती. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, सूप हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, नाकाशी नेलं. मंग त्यायनं सुपाचे दोन्ही बाजूचे काठ जवळ आणले अन् काखेत धरलं.

"प्रणित, बघ. पर्स."

प्रणितनं मान हालवली. रुखमा माह्याकडे पाहू लागली. तिच्या डोळ्यात हसू होतं, पण पाहुण्यासमोर ते बाहेर काढलं नाई तिनं.

मॅडमनं मंग समजावून सांगतलं. सरकारची योजना आहे, आपल्या देशातले कारागीर बाहेरच्या देशात न्यायचे, त्यायची कला जगाले दाखवायची. तिकडे कपड्यायचा अन् फॅशनचा मोठा मेळा भरते. गावाचं नाव मॅडमनं सांगतलं, पण ते काही आमच्या तोंडात बसलं नाई. आम्ही आपलं फारेनच म्हणू.

"आणि मावशी, तुम्ही स्वतः यायचं," मॅडम म्हणाल्या. "तिथे बसून लोकांसमोर विणायचं. तुमचं नाव प्रत्येक पर्सवर असेल."

"मी?" रुखमा म्हणाली. "मी तं मूल गावाच्या पलीकडं गेली नाई बाई."

"मग आता जा."

पैसे माल विकल्यावर भेटणार होते, अन् अट एकच होती. दिवाळीपर्यंत दुसरं काम हातात घ्यायचं नाई. सगळ्या पर्सा एका हाताच्या, एका विणीच्या पाह्यजे. हरिदासनं डोकं खाजवलं. म्हणे, "मॅडम, हा तं आमचा सुगीचा टाइम आहे. आमची घरं थांबली आहेत."

"एका वर्षाचा प्रश्न आहे दादा. नंतर हीच घरं तुमच्या दारात फोटो काढायला येतील."

मी म्हटलं, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये, हरिदास." त्यानं माह्याकडे पाह्यलं नाई. तो बायकोकडे पाहून राह्यला होता. रुखमाले नावानं बोलावणारे थोडेच. बाकी सगळे बुरडीन म्हणत, नाई तं हरिदासची बायको. तिचं नाव पर्सवर लिहून जाईल, हे तिनं ऐकलं होतं. तिनं हो म्हटलं.

दुसऱ्याच हप्त्यात देवाजी आला. देवाजी म्हंजे आमच्या घरायमधलं मोठं घर. बांध्या भरपूर, खळं मोठं, मन मध्यम. उभ्यानंच म्हणाला, "हरिदास, दोन सुपं अन् एक टोपली पाह्यजे गा. हलका धान दसऱ्याच्या आसपास कापाले येते."

हरिदास खाली पाहून म्हणाला, "यंदा नाई जमत भाऊ."

"काऊन?"

"फारेनचं काम घेतलं आहे."

देवाजीनं आंगणात पाह्यलं. बांबू चिरून काढलेल्या कमच्यायचे भारे, चुलीवर मोठा गुंडा, त्यात काहीबाही उकळत होतं. म्हणाला, "बरं बरं. आता तू फारेनचा बुरड झाला. आम्ही आपले इथचेच राह्यलो." अन् चालता झाला. तसेच बाकीचे आले, तसेच गेले. जंगूकडे त्यायले जाता येत नव्हतं, अन् जंगूही देत नव्हता. दुसऱ्याच्या घराले सूप देणं म्हंजे त्याच्या ताटातलं उचलणं, असं आमच्यात मानतेत. जंगूनं रीत पाळली. म्हणून लोकं पोंभुर्ण्याच्या बाजारात गेले अन् निळं प्लास्टिकचं सूप घेऊन आले. रीत पाळूनच आमची घरं गेली, असंही म्हणता येते.

काम काय होतं ते सांगतो. बांबू हिरवा आणा, पेरं टाळून कापा, कमच्या काढा, इथवर ठीक. मंग त्या कमच्या औषधाच्या पाण्यात उकळा, म्हंजे भुंगा लागत नाई. त्या वाफेनं डोळे असे चुरचुरत का रुखमा दिवसभर रडल्यावाणी दिसे. मंग सावलीत वाळवा. मंग परत सोला. सुपाले जशी कमची लागते त्याच्या अर्ध्या रुंदीची. इतकी बारीक कमची म्हंजे पातंच असते, धरलं का बोट कापते. हरिदास सोलून सोलून द्यायचा, मी निवडायची, रुखमा विणायची. तिचे गुडघे धरून जात. उठताना भिताडाले हात लावून उठे. ऊन असं का आंगणातल्या आंब्याखालीही आंग भिजे.

मॅडम हप्त्यातून एकदा येत. एक-एक पर्स उजेडात धरून पाहत. "ही कमची वाकडी आहे." "इथे हिरवं दिसतंय." "मावशी, हात धुऊन बसत जा, घामाचा डाग पडतो." एकदा पांढरे हातमोजे आणले. रुखमानं ते घातले, दोन कमच्या सरकवल्या, अन् काढून बाजूला ठेवले. बोटाले कमची कळलीच नाई तं विणा कसं. त्या दिवशी तिचं आंगठ्याजवळचं बोट फाटलं अन् एका पर्सवर रगताचा ठिपका पडला.

"हे चालणार नाही मावशी," मॅडम म्हणाल्या.

"पुसते ना बाई."

"नाही निघत ते. ठेवा तुम्हाला."

आम्हाले ठेवली. मी त्यात लसूण ठेवला. फारेनच्या पर्सीत लसूण ठेवणारी या जिल्ह्यात मी एकटीच असन.

पासपोर्टासाठी चौकशीले पोलीस आला तवा गावात बोंब झाली का रुखमानं काही तरी चोरलं. पासपोर्ट घरी आला तं हरिदासनं तो देवाच्या फळीवर ठेवला. रुखमा रोज दिवा लावताना त्याच्याकडे पाहे. एकदा मले विचारलं, "बाई, तिकडे थंडी राह्यते म्हणतेत. स्वेटर घेऊ का शाल?" मी म्हटलं, "दोन्ही घे. फारेनले जाणारी बाई कुडकुडली तं गावाची अब्रू जाते." ती हसली. लहान पोरीसारखी हसली. त्या हसण्याचा मले अजूनही राग येते. कोणावर, ते सांगता येत नाई.

दिवाळी चार दिवसावर आली अन् माल भराले मॅडम, प्रणित अन् गाडी आली. आंगणात चादरी आंथरल्या. एक-एक पर्स पातळ कागदात गुंडाळायची, खोक्यात ठेवायची. गुंडाळायच्या आधी मॅडम हरेक पर्सीत एक लहानशी पांढरी पुडी टाकत. पुडी हालवली का आत खुळखुळ वाजे. रुखमानं विचारलं, "यात काय आहे बाई?"

"ओल लागू नये म्हणून असतं ते. खायचं नाही हं."

रुखमा मले चुलीपाशी घेऊन गेली. "बाई, पाह्यलं का? त्या पुडीत खडे आहेत. त्यायच्यातही रिकामं देत नसतेत वाटते. पण धान नाई भेटला तं खडे टाकून राह्यल्या."

आता हे तुमाले समजावं म्हणून सांगतो. बुरडाच्या घरातून नवं सूप, नवी टोपली कधी रिकामी जात नाई. मूठभर धान टाकूनच द्यायची. घेणाऱ्याचं घर भरलेलं राह्यलं पाह्यजे, अन् आपला हातही. रुखमाच्या हातून उभ्या जन्मात रिकामं सूप गेलं नव्हतं. देणाऱ्या बाईचा हात रिकामा तं त्या सुपात बरकत नाई, असं तिच्या मायनं शिकवलं, माह्याही मायनं शिकवलं. अन् इथी तं लेकरावाणी जपलेल्या पर्सा, समुद्रापार चालल्या, अन् त्यायच्या पोटात खडे.

"धान कुठी आहे पण घरात?" मी म्हटलं. खरंच नव्हता. मागच्या सालचा संपला होता, नवा यंदा येणार नव्हता.

"देवाजीभाऊचं खळं सुरू आहे," रुखमा म्हणाली. "तुम्ही जा ना. मले लाज वाटते."

मले काय लाज नाई वाटत? पण गेली. देवाजी खळ्यावर हलका धान उपणून राह्यला होता. वारा चांगला सुटला होता, भुसा उडत होता, अन् त्याच्या हातात ते निळं सूप. माह्याकडे पाह्यलं अन् हात थांबवला नाई.

"भाऊ, मूठभर नवा धान पाह्यजे."

"काऊन वं? फारेनवाले धान देत नाई का?"

"पर्सायमध्ये टाकाले. रिकाम्या कशा पाठवाव."

तो हसला. निळ्या सुपातून एक मूठ भरली, माह्या पदरात टाकली. "ने. यंदा टोपलीनं नाई भेटत, मुठीनं भेटते. माहा धानही जाऊ दे फारेनले." खळ्यावरच्या बायाही हसल्या. मी पदराची गाठ मारली अन् आली. वाटेनं माहं तोंड बंद होतं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मॅडम अन् प्रणित आत जेवाले बसले होते. हरिदास वाढत होता. मी अन् रुखमा आंगणात. तिनं धानाले हळद लावली अन् हरेक पर्स उघडून मॅडमनं आत घातलेल्या कापडाखाली चिमूट चिमूट धान सरकवला. कागद परत होता तसा गुंडाळला. ओठ हालत होते तिचे. "जिथी जाशील तिथी भरून राह्य माय," असं म्हणे एकेकीले. लेक सासरी लावताना म्हणतेत तसं. मी कागद धरून देत होती. यात चुकलं काय, ते मले आजही कोणी पटवून दाखवावं.

खोके गेले. रुखमाचं जाणं संक्रांतीनंतर होतं. तिनं शाल घेतली. मॅडमनं फोनवर सांगतलं का नऊवारी घेऊन या. रुखमानं लग्नापासून गोल साडीच नेसली, नऊवारी तिच्या सासूची होती, म्हंजे माह्या मायची. मी पेटीतून काढली, धुतली, वाळवली. रुखमाले नेसवून पाह्यली. ती आंगणात चालून पाहत होती अन् हरिदास दारात उभा राहून म्हणत होता, "अवं, आईच आली."

प्रणित आला तवा गाडी नव्हती, मोटरसायकल होती. मले तिथीच समजाले पाह्यजे होतं. त्यानं पाणी पेलं, गिलास खाली ठेवला, उचलला, परत ठेवला.

"मावशी, पर्सायमध्ये तुम्ही काही टाकलं होतं का?"

"हो," रुखमा म्हणाली. "धान."

प्रणितनं कपाळाले हात लावला. "तिकडच्या बंदरावर खोके उघडले त्यायनं. बाहेरचं बी त्यायच्या देशात येऊ देत नाई. त्याच्यासंगं कीड येते, रोग येते म्हणतेत. सगळा माल जाळला."

"सगळा?" हरिदासनं विचारलं.

"सगळा."

"धान झटकून टाकला असता तं?"

"कायदा आहे भाऊ तिकडचा."

हरिदास खाली बसला. मी पाह्यलं, रुखमा आपल्या बोटायकडे पाहून राह्यली होती. त्या फाटलेल्या बोटावर अजून वण होता. प्रणितनं फोन लावला अन् तिच्या हातात देल्ला. मॅडमचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"मावशी, विचारायचं तरी होतं ना मला. किती लोकांची मेहनत गेली. देशाचं नाव खराब झालं तिकडे."

रुखमा म्हणाली, "बाई, सुपात धान टाकाले विचारा लागते का?"

मंग मॅडम म्हणाल्या का दाखवाले मालच नाई तं रुखमानं येऊन काय करायचं, यंदा राहू दे, पुढच्या साली पाहू. रुखमानं फोन प्रणितले वापस देल्ला. आत गेली, फळीवरचा पासपोर्ट काढला अन् नऊवारीसंगं पेटीत ठेवला. रडली नाई. मी रडली. अन् मंग मी प्रणितले असं काही बोलली का तो चहा न पेता गेला. त्या पोट्ट्याचा काय गुन्हा, तो तं निरोप्या. पण मॅडम कुठी होत्या बोलाले.

महिन्याभरानं प्रणितच एक फोटो घेऊन आला. त्याले वाटलं असन का आम्हाले बरं वाटन. फोटोत एक उंच, वाळकी बाई होती, काखेत सुपाची पर्स. मॅडमनं पहिल्या दोन-तीन पर्सा नमुन्यासाठी आपल्यासंगंच नेल्या होत्या, त्यातली. लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते. खाली काही लिहिलं होतं.

"वाच ना," रुखमा म्हणाली.

प्रणितनं वाचलं. कल्पना स्वाती मॅडमची. विणकाम, भारताच्या जंगलातल्या बायकांचं.

"माहं नाव?"

"नाव नाई मावशी. जंगलातल्या बायका, असं आहे."

"पण मी तं गावात राह्यतो," रुखमा म्हणाली, अन् चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आली. त्या दिवशी तिचा अर्थ समजला.

पुढची गोठ लहान आहे. हरिदास सुपं घेऊन घरोघरी फिरला. लोकं वाईट बोलले नाई, ते बरं. "पुढच्या साली पाहू गा." "हे प्लास्टिकचं टिकते गा, उंदीर खात नाई." कोणाच्या खळ्यावर आमची टोपली नव्हती, तं धान कशात मोजून मागावा. राशनचा तांदूळ आणला. रुखमा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले गेली. कापसाची बोंडं तिच्या त्याच बोटायले टोचत.

मंग चैतात देवाजीच्या पोरीचं, पुनमचं लग्न ठरलं. अन् देवाजीची बायको भागरताबाई आपणहून आमच्या दारात आली. लग्नात नवं सूप लागते, बांबूचंच लागते. प्लास्टिकच्या सुपात नवरीची ओटी कोण भरते.

"चांगलं करजो वं रुखमा," भागरताबाई म्हणाली. "मागचं जाऊ दे. आमचं घर तुमचंच आहे."

हे ऐकून हरिदासचा चेहरा इतका उजळला का मले त्याच्याकडे पाहवलं नाई. देवाजीचं घर वापस आलं तं बाकीचे मागं येतेतच. त्यानं जंगलालगतच्या डेपोतून स्वतः निवडून कवळा बांबू आणला. रुखमानं सूप विणलं. मी पुष्कळ सुपं पाह्यली, पण तसं नाई. काठ असा बसला होता का पाणी ठेवलं तं राह्यलं असतं.

न्यायच्या दिवशी मी म्हटलं, "धान तं नाई. राशनचा तांदूळ टाक मूठभर."

"नाई," रुखमा म्हणाली.

"रिकामं नेतेस?"

तिनं सूप काखेत घेतलं अन् चालू लागली. मी मागं मागं.

देवाजीच्या आंगणात मांडव घालून राह्यले होते. भागरताबाईनं सूप दोन्ही हातानं घेतलं, फिरवून पाह्यलं, खूश झाली. मंग आत पाह्यलं. "रिकामंच आणलं वं? तू तं कधी रिकामं देत नसतेस." असं म्हणून ओसरीवरचं निळं सूप ओढलं, त्यात लग्नासाठी निवडलेला धान होता, त्यातली मूठ भरून नव्या सुपात टाकली. "असं. लग्नाच्या घरचं सूप भरलेलं राह्यलं पाह्यजे."

रुखमानं पुढं होऊन सूप तिच्या हातून घेतलं अन् आंगणात उपडं केलं. धान मातीत सांडला.

"रिकामंच राहू द्या बाई," ती म्हणाली. "धान असला का जाळतेत."

आवाज चढवला नाई तिनं. पण मांडवातले सगळे थांबले. लग्नाच्या घरी, नवरीच्या नावाचं सूप उपडं. भागरताबाईचे ओठ पांढरे पडले. देवाजी खांबापाशी उभा होता, तो पुढं आला. त्याले भांडायचं नव्हतं, त्याच्या तोंडावर अपशकुनाचं भेव होतं.

"जा आता तुम्ही," तो म्हणाला. "सूप घेऊन जा. आम्ही दुसरीकडून आणतो."

रुखमानं सूप काखेत घेतलं अन् आली तशीच निघाली. मांडवाच्या बाहेर गेली, वळून पाह्यलं नाई. मी राह्यली. कोंबड्या धावत आल्या होत्या. मी खाली बसली अन् त्यायच्या आधी दाणे वेचू लागली. कोणी मले हटकलं नाई, कोणी मदतही केली नाई. मातीसकट जेवढा आला तेवढा पदरात बांधला.

त्या साली आमच्या घरी नवा धान आला, तो तेवढाच.